सक्ती नव्हती

४ मे

सरकारी कार्यालयातली ती मुलगी आज परत आली. गळ्यात ओळखपत्र, हिवाळा लागलाच म्हणून थंडीने गाल लालबुंद. आमच्या कोयाइके शहरातल्या लाकडाच्या चुली सरकार बदलून देतंय आणि आता आमची पाळी आली म्हणे. तीन गोष्टींतून एक निवडायची — लाकडी भुशाच्या गोळ्यांवर चालणारी शेगडी, रॉकेलची शेगडी, नाहीतर घर गरम करणारं भिंतीवरचं विजेचं यंत्र. मात्र जुनी चूल द्यावी लागेल. ती मोडीत काढणार.

बाबा लोखंडी चुलीच्या कडेला पाय टेकून बसले होते. मान न वळवताच म्हणाले, "मी मेल्यावर ये गं पोरी. चूलही ने, मलाही ने."

फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा मी हळूच विचारलं, हे सक्तीचं आहे का? "अजून तरी नाही," ती म्हणाली. "पण ताई, नियम दर हिवाळ्याला बदलतायत. पुढचं काय सांगू?"

७ मे

रॉकेलचा वास मला सोसत नाही. विजेचं यंत्र कडाक्याच्या थंडीत कितपत चालेल कोण जाणे. म्हणजे गोळ्यांची शेगडीच. बाबांना बोलून पाहिलं. "आणि वीज गेली की? रिमोट चाटत बसायचं?" विषय संपला!

९ मे

यास्ना कुंपणापाशी भेटली. शेजारच्या घरात भाड्याने राहते, एकटीच, तान्ह्या अमारोला घेऊन. हसत हसत म्हणाली, "नेल्दाताई, तुमचा धूर सरळ आमच्या खिडकीत येतो बघा. दुपटीसुद्धा खरपूस होतात!" मी पण हसले. तिला गरम पाव दिला. पाव देऊन जणू धुराची भरपाईच केली!

१२ मे

आज धूरबंदीचा दिवस. हवा इतकी वाईट की रेडिओवर सारखं सांगत होते — चुली पेटवू नका. पण बाबांचे हात निळे पडलेले. पेटवली. आणि पडदे ओढून घेतले. पडद्याने काय धुराडं झाकतं?

१३ मे

सकाळी ॲम्ब्युलन्स आली. अमारोचा श्वास अडकत होता. यास्ना अनवाणीच गाडीत चढली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही — तिचं लक्षच नव्हतं, हे मला कळतं. तरी वाटलं, मुद्दाम पाहिलं नाही.

बाबा खिडकीत उभे होते. "पोराला काय झालं?" मी म्हटलं, थंडी बाधली असेल.

१५ मे

कार्यालयात जाऊन हो म्हणून आले.

आणि बाबांशी खोटं बोलले. म्हटलं, कायदा आलाय. सगळ्यांच्याच चुली नेणार, नाही दिली तर पोलीस येणार. त्यांनी चुलीत एक लाकूड सरकवलं. मग म्हणाले, "पोलिसांनी न्यायची, त्यापेक्षा आपणच दिलेली बरी." लगेच विश्वास ठेवला! भांडले असते तर बरं झालं असतं.

१६ मे

खरं लिहायचं तर फक्त अमारोसाठी नाही केलं. राखेचा कंटाळा आला होता. लाकडं फोडून खांदे दुखायचे. आजारी लेकराच्या आड लपून मी माझी सोय पाहिली.

२ जून

उद्या चूल नेणार. बाबा दिवसभर तिला काळं पॉलिश करत होते. पितळी दांडी तळहाताएवढ्या फडक्याने घासघासून लख्ख केली. मी म्हटलं, अहो बाबा, मोडायलाच तर नेतायत. "म्हणून काय? तुझी आई हिच्यावर रांधायची. अशी गबाळी कशी पाठवू?"

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

३ जून

नेली. चौघांनाही उचलेना. बाबांनी त्यांना माटेचा कडू चहा करून पाजला, खाली जाईपर्यंत "पायरी सांभाळा, पायरी" करत राहिले. नंतर त्या जागेवरची फरशी तेवढी वेगळ्या रंगाची दिसत होती. मी तिथे गालिचा टाकला.

११ जून

नवी शेगडी छान आहे. हे लिहितानाही लाज वाटते. धूर नाही, राख चिमूटभर. नुसता पंखा गुरगुरतो. बाबा तिला "सूनबाई" म्हणतात — "सूनबाई कुरकुर करतेय बघ." पण तिच्याजवळ बसत नाहीत. टोपी घालून पलंगावर बसून राहतात. मोजे वाळत घालायला जागा नाही म्हणतात.

अमारो घरी आला. रडतो चांगला जोरात.

२५ जून

जेवताना रेडिओ चालू होता. चुलींवर येऊ घातलेली बंदी पुढे ढकलली. आणि ज्या घरात वृद्ध माणसं आहेत त्यांना चूल ठेवता येईल, असाही विचार चाललाय म्हणे.

बाबांनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे सक्ती नव्हती."

"नव्हती, बाबा."

त्यांनी उरलेलं सूप संपवलं. वाडगा धुऊन ठेवला. ते कधीच वाडगा धूत नाहीत.

२७ जून

बाबा गेले. शहराबाहेर, एल ब्लांकोला, रुदेसिंदोकाकांकडे. तिकडे धूरबंदी नाही. एक पिशवी नि टोपी, बास. मी म्हटलं, सोडायला येते. "कशाला? बस आहे."

६ जुलै

यास्ना ओव्हनात भाजलेलं सफरचंद घेऊन आली. "ताई, तुम्ही आमच्यासाठी केवढं केलंत! डॉक्टर म्हणाले, छाती बरीच मोकळी आहे." तिने मला मिठी मारली. मी लाकडासारखी उभी. हिला काय सांगू, की यासाठी एका म्हाताऱ्याला घराबाहेर काढलंय?

१४ जुलै

एल ब्लांकोला जाऊन आले. रस्त्यावर बर्फ. बाबा गोठ्यापाशी लाकडं रचत होते. मी माफी मागितली, तिथेच, गुडघाभर चिखलात.

"पोराचा खोकला मलाही ऐकू येत होता," ते म्हणाले. "मी बहिरा नाही. विचारलं असतंस तर दिली असती. आधी दोन शिव्या घातल्या असत्या, पण दिली असती. तू विचारलंच नाहीस. म्हाताऱ्याला फसवलं की काम लवकर होतं, नाही का?"

"घरी चला."

"बघू."

परतीच्या बसमध्ये मी एकटीच खिडकीकडे तोंड करून बसले. चूल नेली म्हणून ते रागावले नाहीत. ते लेकरासाठी चूल सोडतील, एवढाही भरवसा मी त्यांच्यावर ठेवला नाही — म्हणून.

१५ जुलै

शेगडी बंद ठेवून बसले. तासाभराने लावली. कुणाला शिक्षा करतेय मी?

३ ऑगस्ट

रुदेसिंदोकाकांचा फोन. वाटलं, बाबांना काही झालं. तर काका हसतायत! बाबा लग्न करतायत — पलीकडच्या शेतावरच्या विधवा एर्मिंदाबाईंशी. वसंतात. मागून बाबा ओरडले, "तिला सांग, अजून राग आहे! पण चूल असती तर मी घराबाहेर पडलोच नसतो, हेही सांग!"

मला इतका आनंद झाला, की आईच्या फोटोकडे पाहायचं धाडस होईना.