क्रोशाची जट

४ जाने., रवि.
सात तास खुर्चीत. उल्हासनगर, कॅम्प ५, दुसऱ्या मजल्यावरचं सलून. खाली फरसाणवाला, डोक्याला गाठीही आल्या आणि शेवेचा वासही. भावना नावाची सिंधी मुलगी केसांचे चौकोन पाडते, एकेक बट उलटी विंचरते आणि क्रोशाच्या बारीक सुईने आतल्या आत ओढून गुंतवते. अशा त्रेचाळीस जटा; ती ड्रेडलॉक्स म्हणते. "दीदी, इस उमर में पहली बार कोई आया," म्हणाली. मग सावरलं, "मतलब, अच्छा है."
घरी सुधीरने दार उघडलं, वरपासून खालपर्यंत बघितलं. "जेवायला वाढू की आधी नारळ फोडू?" बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा माझ्या आधी विनोद केला.
हेतू लिहून ठेवते, नंतर शब्द फिरवायला नको. आईच्या डोक्यात अठरा वर्षं जट आहे. ओझ्याने मान पुढे वाकली, वर बघता येत नाही. कापू देत नाही. कापली तर देवी घरातलं माणूस नेते म्हणे. म्हणून माझ्या डोक्यावर करवून घ्यायची, तिला दाखवायची, पाडव्याला तिच्यासमोर कापायची. बघ, कोणी मेलं नाही. साप्ताहिकाच्या सदरात अकरा वर्षं अंधश्रद्धेची टिंगल केली. वाचक हसले. आईची मान तिथेच.

९ जाने., शुक्र.
खाज. पेनाच्या टोपणाने भागवते. भावनाचे नियम फ्रिजवर चिकटवलेत: दोन आठवडे पाणी नाही. तेल नाही. पावडर, रंग, काही नाही. झोपताना सॅटिनची टोपी. मुळाशी दोन बटा एकमेकींत शिरल्या की तिथल्या तिथे फाडून वेगळ्या. धुतल्यावर आतपर्यंत सुकवायच्या, "नहीं तो बास मारेगा, दीदी."
आईला यातलं कोणी काही सांगितलं नाही. तिला हळदकुंकू वाहिलं, झालं.

१८ जाने., रवि.
पहिलं धुणं. सुकायला पाच तास, टेबलफॅनपुढे पापडासारखी बसून. कानामागच्या चार बटा सुटल्या, तळहातावर वळून वळून हात भरून आले.
लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी हळूच विचारलं, "कधीपासून आली?" म्हटलं, चार तारखेपासून, अकरा ते सहा. त्यांनी हात जोडले. आमच्या बेलवलीत विनोद लिहावा, सांगू नये.

२५ जाने., रवि.
पुढच्या रविवारी अंबरनाथला आईकडे जायचं. आज काही सुचत नाही. मुळं वेगळी करत बसले, आणि ते आठवलं.
बाबा गेल्यावर आईने दीड महिना केस विंचरले नव्हते. मानेमागे अंड्याएवढी गाठ. मी खोबरेल आणि फणी घेऊन बसले होते. तिला दुखत होतं, मला घरी परतायची घाई. "पुढच्या रविवारी सोडवते," म्हटलं आणि फणी खिडकीत ठेवली. पुढच्या रविवारी गाठीला कुंकू लागलेलं. आळीतल्या एका म्हातारीने ओळखलं म्हणे, देवी आली. बाहेर चार बाया ओटी घेऊन.
तासाभराचं काम होतं. हे सदरात कधी आलं नाही.

१ फेब्रु., रवि.
अंबरनाथ.
आई ओट्यावर, हनुवटी छातीला. मला बघायला डोळे कपाळात नेते, तसे नेले. बघत राहिली. मी पाठ केलेलं भाषण काढणार, तोवर तिने हात जोडले. मला. पोटच्या पोरीला.
"तुज्याकरं आली गो बाय."
सगळं सांगितलं. कॅम्प ५, भावना, सुई, सात तास. फोनवरचे फोटोसुद्धा. तिने शांतपणे ऐकलं.
"ती सलूनवाली निमित्त. तुला तिकरं जायाची बुद्धी कोनी दिली?"
तिच्याच वाकलेल्या मानेने, असं कसं सांगू?
मग म्हणाली, "माजी आता काप. मी सुटली."
'आता काप', अठरा वर्षं या दोन शब्दांची वाट बघितली. देवीबिवी काही नाही, हे सांगायचं ठेवून दिलं. पुढचा रविवार ठरवला.

८ फेब्रु., रवि.
आईची कापली. तिच्याजवळ राहणारा दादा घराबाहेर निघून गेला. मंगळवारी आईच्या पाया पडायला येणाऱ्या बाया, पुढच्या खोलीतला त्यांच्यासाठीचा बाक, आळीतला मान, सगळंच जाणार होतं त्याचं. जाताना म्हणाला, "काय झालं तर तुज्या डोक्यावर." म्हटलं, तिथेच आहे.
कात्री चालेना. शेवटी शिंप्याची मोठी आणली. जट दगडासारखी, आतून ओलसर, वास असा की खिडकी उघडली. मधोमध एक काळी पिन निघाली. बाबांच्या वेळची. तिने ती पदराला पुसून मुठीत धरली.
केस धुतले, पुसले. मान हळूहळू वर आली, पूर्ण नाही. भिंतीवरच्या बाबांच्या फोटोपर्यंत आली. "जालं लागलंय फोटूला," म्हणाली. मग माझ्याकडे वळून:
"तू कापाची नाय. तू कापलीस का ती परत माज्याकरं येल."
शपथ घातली. घेतली. अकरा वर्षांचं सदर एका वाक्यात बंद.

१७ फेब्रु., मंगळ.
बेल. दारात दोन बाया, हातात ओटी. अंबरनाथच्या. आईनेच पत्ता दिला: देवी आता बेलवलीला. मी सॅटिनच्या टोपीत. त्यांना वाटलं, सोवळं. म्हटलं, घर चुकलात. एकीने तरी उंबऱ्याला हात लावलाच. सुधीर आतून, "चहा टाकू का, की प्रसाद?" हसू आलं नाही.
संपादकांचा फोन. आईची बातमी त्यांच्यापर्यंत गेली. "जबरदस्त लेख होईल, तुमच्या विवेकाचा विजय." दोनदा बसले लिहायला. पहिलंच वाक्य खोटं होतं.

५ मार्च, गुरु.
आईला ताप. साधा, डॉक्टर म्हणाले व्हायरल. फोनवर पहिलं वाक्य: "कापली नायस ना?"
नाही म्हटलं. सकाळपर्यंत उतरला. आता कोणाला काय पटवायचं.
भावनाकडे मुळाशी वाढलेले नवे केस सुईने ओढून घेतले. "मस्त बैठ रहा है, दीदी, अब पक्का होगा."

१९ मार्च, गुरु. पाडवा.
कापायचा ठरलेला दिवस. सकाळी शिवणाचा डबा पुढ्यात घेऊन बसले होते. कात्री वरच होती.
आई आली. अंबरनाथहून रिक्षाने, एकटी. अठरा वर्षांत पहिल्यांदा. दादाला सांगितलंसुद्धा नाही म्हणाली. डोक्यावर बोटभर पांढरे केस, त्यांत ती काळी पिन. खालून गुढी बघितली, म्हणाली, कलश वाकडा बांधलाय.
डबा दिसला तिला. झाकण लावलं आणि बाजूला सारला. पिशवीतून कुंकवाची डबी काढली.
सुधीर स्वयंपाकघरात गेला.
मी पाटावर बसले, मान खाली घातली. तिने मधल्या बटेला कुंकू लावलं, मुळापासून टोकापर्यंत, सावकाश. दुखतंय का, विचारलं. नाही म्हटलं.
जेवून, वरणाला मीठ कमी असं सांगून, ती तासापूर्वी गेली. डबा तिने जिथे सारला तिथेच आहे. गाठीत शिरलेलं कुंकू धुऊन निघतं का, हे भावनाला विचारायला हवं. नंबर काढून ठेवलाय.