देवबागच्या वाळूतलं रॉकेट

आचरा,
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप परशुराममामा,

तुम्हाला नमस्कार, आणि मामींनाही. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? कोकम पोचलं असेल. इथे आम्ही सगळे बरे आहोत, माझं डोकं तेवढं ठिकाणावर नाही. हे फोनवरच सांगितलं असतं, पण मामी फोन स्पीकरवर टाकतात आणि मग (त्यांना पुन्हा एकदा नमस्कार) बातमी माझ्याआधी मालवणात पोचते.

मामा, तुम्ही मुलाकडे पुण्याला गेलात आणि जाताना तुमचं विज्ञानकथा मंडळ आमच्या गळ्यात घालून गेलात. ते फुटलं. सभासद मोजायला दोन हातांची बोटं पुरतात, तरी फुटलं. एकीकडे आपला कौस्तुभ. त्याच्या मते विज्ञानकथेत देव नको, भूत नको, उदबत्तीसुद्धा नको. दुसरीकडे सुशांत. ज्या कथेत मासे, माड आणि मालवणी नाही ती परक्यांची नक्कल, असं त्याचं म्हणणं. हे त्यांना मागासलेले म्हणतात, ते यांना गुलाम. कोण कुणाला मत देतो तेही त्यात निघालं, आणि मंगळावर वस्ती करायची की नाही हा प्रश्न बाजूलाच राहिला.

ठिणगी पडली माझ्या कथेवरून. मे महिन्याच्या सुट्टीत जीव ओतून लिहिली होती, वार्षिक सभेत वाचायचं ठरलं होतं. देवबागच्या किनाऱ्यावरून रॉकेट सुटतं, आणि त्याआधी गावचे मानकरी गावकर नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. (आपल्याकडे नवी होडी पाण्यात लोटताना घालतात, मग रॉकेटनेच काय घोडं मारलंय?) हे कानावर येताच कौस्तुभने गाऱ्हाणं काढायचं फर्मान सोडलं, आणि सुशांतने सभाच गाऱ्हाण्याने सुरू करायचं ठरवलं. कथा दोघांपैकी एकानेही वाचली नव्हती.

सभेला सुशांत नारळ घेऊन उभा राहिला आणि कौस्तुभ निषेधाचा कागद घेऊन. गाऱ्हाणं सुरू झालं. प्रत्येक मागण्यामागे सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं ही लहानपणापासूनची सवय, तोंड आपोआप उघडतं. सुशांत म्हणाला, ‘जो कोण देव नाय म्हणान हंय इघ्न घालता, तेका बरी बुद्धी दी रे म्हाराजा.’ त्यावर सगळ्यात मोठ्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला तो कौस्तुभ. सभा हसून लोटपोट. तो लालबुंद होऊन निषेध न वाचताच निघून गेला, आणि संध्याकाळपर्यंत त्याने वेगळं मंडळ काढलं. माझी कथा पिशवीतून बाहेरही आली नाही.

आता निदाचं ऐका. तुमची फिजिक्सची लाडकी विद्यार्थिनी, हल्ली घरचा बर्फाचा कारखाना सांभाळते, आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण. सभेनंतर तिने कथा मागून घरी नेली आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. ती गाऱ्हाण्याला नाक मुरडणार असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं (मुसलमान म्हणून, दुसरं काय, मलाही तेच वाटलं होतं). कथा परत देताना ती म्हणाली, ‘गाऱ्हाणा रवांदे गो, बरा आसा. पण देवबागच्या वाळूत रॉकेट उभा कसा रवतला?’

मी भडकले, मामा. तुला साहित्यातलं ओ का ठो कळत नाही, असं तिच्या तोंडावर सांगितलं. तेव्हापासून बोलणं बंद. एक मंडळ तिला दुसऱ्याचं समजतं, दुसरं पहिल्याचं, आणि ती मुकाट्याने बर्फ विकते. अशा लोकांत राहून माणसाने विज्ञानकथा लिहावी तरी कशी?

तुमची त्रासलेली भाची,
गौरजा

ता. क. या गटबाजीला कंटाळून मी तिसरं मंडळ काढलंय. अध्यक्ष तुम्ही. सध्या सभासद मी एकटीच, त्यामुळे मतभेद अजिबात नाहीत.

आणखी एक ता. क. एकटीची सभा होत नाही, मामा. कथा मोठ्याने वाचून पाहिली. चुका काढायला कोणी नसलं की फार वाईट वाटतं. निदा तुमचा शब्द मोडत नाही. तिला एक फोन करा (हा खुशाल स्पीकरवर टाका). माफीबिफी मागू नका. फक्त सांगा, रॉकेट मी जामसंड्याच्या उंच सड्यावर हलवलंय, खाली सगळा कातळ आहे. आणि गाऱ्हाणं ठेवलंय, ती बरं म्हणाली होती म्हणून.