दोरी बांधलेली खुर्ची

७ जानेवारी

ती. सौ. ताईस,
रंग्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. भाऊजी आमची मालिका बघताना हातातला घास विसरतात हे वाचून मला धन्य वाटलं. पण त्यांना सांग, टोळीच्या सरदाराच्या दिवाणखान्यातले ते संगमरवरी खांब म्हणजे तुझ्या भावाने प्लायवूडवर पिसाने ओढलेल्या रेघा आहेत. आमच्या लेखकाचा नियमच आहे. सरदाराने एक माणूस संपवला की पुढच्या भागात घरात एक नवी वस्तू येते. परवा त्याने सख्ख्या भावाचा काटा काढला, तर हे भलंमोठं झुंबर आलं. आता सामान एवढं झालंय की कॅमेरा फिरवायला जागा नाही. मांडलेल्या खुर्च्यांना मी दोरी बांधून ठेवतो, कारण कुणी चुकून टेकलं आणि खुर्ची बोटभर जरी हलली तरी आधीच्या दृश्याशी जुळत नाही. आम्ही सगळे दिवसभर उभे. पायांना सवय झाली आहे.

आता मुद्द्याचं. तुझ्या लेकीला, भिंगरीला सांगून आलेल्या मुलाचं घर तुझ्या सांगण्यावरून बघून आलो. ताई, तू तोंडात बोट घालशील. फरश्यांचे मोठे व्यापारी, त्यामुळे दगड सगळा खरा. मी सवयीने खांबावर टकटक करून पाहिलं. आमचे डब्यासारखे वाजतात, हा गप्प. मुलाचे वडील माझ्याकडे बघतच राहिले आणि मी ओशाळलो. पण एक झालं, बडा घर पोकळ वासा ही म्हण तिथे चालायची नाही, वासा मी वाजवून आलोय. फरशीत माझा चेहरा दिसत होता, तोही जरा बरा दिसत होता. जन्मभर जे खोटं रंगवलं ते एकदा खरं बघायला मिळालं. माझे डोळे भरून आले, हसू नकोस.

मुलगा शांत आहे, बोलायला गोड. भिंगरीला तो आवडलाय यात नवल नाही. डोळे मिटून हो म्हण.

माया आहेच, तिने रंगासारखे पोपडे धरू नयेत एवढंच.

तुझा रंग्या

१५ जानेवारी

चि. रंग्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून घर हरखून गेलं. तुझ्या भाऊजींनी ते शेजाऱ्यांनाही वाचून दाखवलं. खांबाचा किस्सा दोनदा. मलाही झोपेत ती फरशी दिसते, खोटं कशाला बोलू.

पण तू पक्का वेंधळा. खांब लिहिलास, फरशी लिहिलीस, फरशीतला स्वतःचा चेहरा लिहिलास, आणि माणसांचं काय? तुला कुठे बसवलं, हातात काय दिलं, आजेसासूबाई आहेत म्हणतात त्या काय बोलल्या, यातलं एका अक्षराने कळवलं नाहीस. घराची परीक्षा पाहुण्याला कसं बसवतात त्यावरून होते, हे आई सांगायची. भिंगरी दिवसभर दवाखान्यात लोकांचे आखडलेले गुडघे वळवते आणि घरी येऊन गाणी गुणगुणते. मुलगा तिच्या मनात भरलाय. म्हणून तर मला धास्ती. ती एकदा गेली की आपण दुरून काय करणार?

पुढच्या रविवारी आम्ही मायलेकी तिकडे येतोय. त्याआधी नीट आठवून लिही. जिवाला जप, आणि उन्हात रंगाच्या डब्यांवर बसून जेवू नकोस.

तुझी ताई

१९ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

कुठे बसलो हे आठवायला गेलो आणि गारच पडलो. मी बसलोच नाही गं. तासभर उभा होतो. मांडलेली खोली दिसली की मी आपोआप उभा राहतो, त्यामुळे त्यात काही वावगं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पण ताई, तिथे कुणीच बसलं नव्हतं. वडील उभे, आई उभी, मुलगा हात मागे बांधून उभा. सोफ्यावर प्लास्टिक होतं. मधल्या मोठ्या खुर्चीच्या दोन्ही हातांना रेशमी दोरी होती आणि मी वेड्यासारखा तिची गाठ बघून खूश झालो. स्वयंपाकघराच्या दाराशी बुटक्या स्टुलावर एक म्हातारी गुडघे चोळत होती. मी तिला कामवाली समजलो. त्याच आजी असणार.

हे सगळं काल उमगलं, तेही चुकीमुळे. शेवटच्या भागाचं चित्रीकरण होतं. सरदाराने सगळ्यांना संपवलंय, आता घरी येऊन खुर्चीत बसायचं आणि हसायचं, असं दृश्य. आणि मी दोऱ्या सोडायला विसरलो. नट आत आला. पहिल्या खुर्चीला दोरी. दुसरीला दोरी. तो माणूस थांबला नाही. प्रत्येक खुर्चीपाशी गेला, दोरीवरून हात फिरवला, आणि शेवटी मी रंगवलेल्या फरशीवर हळूच बसला, दुसऱ्याच्या घरी पाहुणा आल्यासारखा. मला एकदम त्या घरातली रेशमी दोरी आठवली. दिग्दर्शकाने तेच ठेवलंय. मला वाटलं होतं नोकरी जाणार.

मी चुकलो. डोळे मिटू नका, उघडे ठेवून या. भिंगरीला हे पत्र वाचायला दे, पुढे ती शहाणी आहे.

राग असला तरी लोभ सोडू नकोस.

तुझा रंग्या

२६ जानेवारी

ती. मामास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

स्टेशनवर तू विचारलंस तेव्हा माझ्याने बोलवलं नाही, म्हणून लिहितेय. दिवाणखाना बघून आईचा आ वासला आणि माझाही. तू काहीच वाढवून लिहिलं नव्हतंस. आम्ही सगळे त्या चकचकाटात उभे होतो, आणि आजी दाराशी स्टुलावर. त्यांचे गुडघे बघून मला राहवेना. मी जाऊन मोठ्या खुर्चीची दोरी सोडली, आजींना धरून आणलं आणि त्यात बसवलं. सासूबाई होणार होत्या त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी खांबच पाडला. त्या म्हणाल्या, ती खुर्ची बसायची नाही. आजी म्हणाल्या, घर बांधलं तेव्हापासून हिच्यात बसायचं मनात होतं.

मग मी शेजारच्या सोफ्यावरचं प्लास्टिक बाजूला केलं आणि बसले. माझ्याजवळ एकाची जागा होती. मामा, मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघून हसला सुद्धा, मनापासून. मग त्याने स्वतःच्या आईकडे पाहिलं, आणि हात मागे बांधून उभाच राहिला. मी पुष्कळ वाट पाहिली रे. तो वाईट नाही. मला अजून आवडतो, म्हणून रडू येतं.

आम्ही नकार कळवला. बाबा दोन दिवस नाराज होते, पण तुमच्या मालिकेचा शेवटचा भाग बघून उठले आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

निघताना सासूबाईंनी आजींना उठायला सांगितलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि दोन्ही हात खुर्चीवर घट्ट ठेवले. आम्ही फाटकाबाहेर पडलो तेव्हाही त्या तशाच बसल्या होत्या.

तुझ्या मायेतली,
भिंगरी