पाइपापुढची केरसुणी

४ जाने. १९९४
दूध तापवून झालेलं, अंगण निम्मं झाडलेलं. हे दारात आले. "केरसुणी दे गं, झिजकी कुठली तरी." दिवाळी पाडव्याची सकाळ. झिजकी आदल्या दिवशीच टाकलेली. हातात लक्ष्मीपूजनाची नवी, मुठीला हळदकुंकू. म्हटलं, पूजेची आहे, कारखान्यात न्यायची नाही. "मग दोन आणायच्यास." हसले नि गेले.
हायड्रोजनची आग उन्हात दिसत नाही. म्हणून हे बांबूला केरसुणी बांधून पुढे धरत पाइपाकडेने चालायचे. पेटली की तिथेच थांबायचं. त्या दिवशी केरसुणीशिवाय गेले, ते परत आले नाहीत.
दोन वर्षं झाली. ती केरसुणी दाराआड आहे. त्यानंतर नवी आणली नाही. पाचोळा हाताने उचलते.
आज हे लिहिते कारण गणपतभाऊजी कागद घेऊन आले.

५ जाने.
काल लिहवलं नाही पुढे. ह्यांच्याच कारखान्यातला तो वायू. इतकी वर्षं धुराड्यातून हवेत सोडायचे. आता पाइप टाकून शेजारच्या कारखान्याच्या भट्टीला देणार. पाइप माझ्या भेंडीच्या तुकड्याखालून. मानपाड्यातल्या बाकी सगळ्यांनी संमती दिली.
भाऊजी : "वयनी, सगल्यांनी सही केली, तूच र्‍हायलीस. आंगठा दे नि मोकली हो."
म्हटलं, मला वाचता येतं.
"मंग वाच गो. पन या सालात वाच."

११ जाने.
वाचला. मुलीच्या पुस्तकांवरून अक्षरं शिकलेली, म्हणून हळूहळू. चार दिवस लागले. वर झाड लावायचं नाही, खणायचं नाही, सगळं आहे. पाइपावरून कोण चालणार ते नाही.

१९ जाने.
कारखान्याचा इंजिनिअर आला. पोरसवदा, नम्र. म्हणाला, "काकू, पुढे गाड्या, वीज सगळं ह्यावर चालेल. सुरुवात तुमच्या वावरातून."
विचारलं, दुरुस्तीला माणूस पाठवाल तेव्हा त्याच्यापुढे केरसुणी असेल का?
"आता यंत्र असतं, गळती झाली की वाजतं. केरसुणीचे दिवस गेले."
बोलता बोलता लाइट गेली. पंखा थांबला. दोघं अंगणात येऊन बसलो. तो मग यंत्राबद्दल बोलला नाही. ह्यांचं नाव विचारलं. सांगितलं. चहा अर्धा राहिला.

२० जाने.
कागदाच्या तळाशी एक ओळ लिहिली. 'पाइपावर काम करणाऱ्या माणसापुढे केरसुणी असल्याशिवाय त्याला पाठवू नये.' दोनदा वाचली. सही नाही केली.
भाऊजी म्हणाले, "हसतील तुला साहेबलोक."
हसू देत.

२ फेब्रु.
परवा इंजिनिअर कागद न्यायला आला. ओळ वाचली. मग म्हणाला, वर विचारावं लागेल, असं कोणी लिहीत नाही.
"मान्य झालं तर सही द्याल ना, काकू?"
बघू म्हटलं. खरंच माहीत नाही.
दाराआडची केरसुणी त्याच्या हातात दिली. मुठीवर हळद अजून होती, कुंकू उडालेलं. कुठे धरावी त्याला कळेना. शेवटी कागदाबरोबर काखेत मारून गेला.
काल नाक्यावर गेले. दोन केरसुण्या आणल्या.