सातवा पाट

हिंगोली
८ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास देवश्रीचा सा. न. वि. वि.

बाबांनी माझा फोन कपाटात ठेवलाय, म्हणून हे पत्र भीमराज कंडक्टरमामांच्या हाती. अकरावी कॉमर्सच्या चाचणीत मला गणितात पंचवीसपैकी सात पडले. पास व्हायला नऊ लागतात. बाबा म्हणतात, गणित सोड आणि एस.पी., म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस घे, पाठ करून मार्क मिळतात. विषय बदलायचा फॉर्म सोमवारी पाचपर्यंत द्यायचाय. मला गणित सोडायचं नाही गं.

तीन मार्कांचं एक गणित पूर्ण गेलं. सहा पाहुणे जेवायला एका ओळीत किती प्रकारे बसतील? उत्तर सातशे वीस. माझं आलं पाच हजार चाळीस. तीनदा तपासलं, चूक सापडत नाही. शाळेत घालायच्या आधी तूच मला मोजायला शिकवलंस, म्हणून ते गणित कागदावर उतरवून तुलाच पाठवते.

माझ्यावरचा लोभ मार्कांइतका उतरला नसावा, ही आशा.

तुझी,
देवश्री


कनेरगाव नाका
१० ऑक्टोबर

चि. देवश्रीस अ. उ. आ.

कागद बघून आधी हसले, मग मला वाईट वाटलं. तुझा गुणाकार बरोबर आहे. पण तू सहा जणांना सात पाट मांडलेस. आपल्या घरी अवचित येणाऱ्यासाठी एक पाट जास्तीचा असतो, आणि चिंचोके मांडून पंगत मोजायला शिकवताना मी तो मांडायचेच. प्रश्नात तो नाही, बाई. म्हणजे नापास मी झाले.

शेजारची द्वारकाबाई शेंगा फोडत ऐकत होती. तिचं म्हणणं, पाच हजार वेळा पाहुणे उठवून बसवून राहिली तर पोरगी वाढील कवा. आमचे हे, तुझे मामा, म्हणाले, सातशे वीस वेळा तरी काहून उठवायचं.

सोमवारी मीच येऊन तुझ्या गणिताच्या सरांना सांगते. नेसायला इरकली काढून ठेवली आहे.

पोटभर जेव आणि आमच्यावर माया असू दे.

तुझी,
अनुसूया आत्या


हिंगोली
१३ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

सकाळी बाबांच्या फोनवरून तुला येऊ नको म्हटलं, त्याचं कारण सांगते. शनिवारी तुझं पत्र मिळालं आणि मी सरांकडे गेले. मार्क मागायला आले असं वाटू नये म्हणून आधीच सांगितलं, की मार्क नकोत, फक्त चूक कळली. सर म्हणाले, ते मी ठरवीन. पाटाची हकीकत ऐकून ते इतके हसले की चहा हजेरीपटावर सांडला. मग त्यांनी पेपर काढला. म्हणाले, सात जागांवर सहा जण बसवायची रीत बराबर, तिचे दोन. उत्तर चूक, त्याचं काही नाही. झाले नऊ.

मला ती दया वाटली आणि मी तसं बोलून बसले. सरांनी तिथंच दुसरं गणित घातलं. आठ मुलं ओळीत बसवायची, त्यातली दोन भांडलेली, ती शेजारी नकोत. मी तीस हजार दोनशे चाळीस काढले. सरांनी मान हलवली आणि विचारलं, आता ही पण दयाच का.

घरी हे सांगितल्यावर बाबांनी विचारलं, पुढच्या वेळी पुन्हा कमी पडले तर. मी खरं तेच सांगितलं, पडतीलही. त्यांनी फॉर्म कोराच माझ्या हातात दिला.

आज पाच वाजता ऑफिसचं दार लागेपर्यंत मी व्हरांड्यात उभी होते. शिपायानं विचारलं, काय द्यायचंय. मी म्हटलं, काहीच नाही, आणि हसतच सुटले.

माझी काळजी करणं सोडू नकोस, ती बारावीपर्यंत लागेल.

तुझी,
देवश्री