डबीतला हत्ती

वसई पूर्व, रुग्णालयातून
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

ती. सुभद्रामामीस,
ऋतिकाचा सा. नमस्कार.

हे पत्र इझाबेलच्या हाती देते आहे. सकाळची भाजी विकून ती गिरीजला परत निघाली आहे, संध्याकाळच्या बाजाराला पुन्हा येईल. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगायचं माझ्यात बळ नाही. मामी, नेत्राने मामांनी दिलेलं नाणं गिळलं.

आज मामांचा वाढदिवस. ते गेल्यानंतरचा पहिलाच, म्हणून त्यांनी मला दिलेल्या शिशाच्या जुन्या नाण्याची डबी, तीच सोपाऱ्याला सापडलेल्या हत्तीच्या छापाची, फोटोपुढे ठेवली. दूध उतू जायला लागलं म्हणून आत धावले. परत येते तो डबी उघडी, रिकामी, आणि नेत्रा गळा धरून रडते आहे. एक्स-रेमध्ये पोटात नाणं स्वच्छ दिसलं, पांढरं, वाटोळं, कंपासने काढल्यासारखं. डॉक्टर म्हणाले की साधं नाणं असतं तर घरी पाठवलं असतं, दोन-चार दिवसांत आपसूक पडतं. पण मी शिसं म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. शिसं पोटात विरघळतं, अंगात भिनतं. म्हणून संध्याकाळी भूल देऊन नळीने काढणार आहेत. अवघी चार वर्षांची पोर, त्यात तिला थंडीत धाप लागते. संमतीच्या कागदावर नेत्राचा बाबा म्हणून मयूरने सही केली.

सासूबाई म्हणतात, मेलेल्या राजांची नाणी घरात आणलीस कशाला, सगळी खाडीत टाकून ये. डोळ्यांपुढे मात्र सारखी तुमची ओटी येते. मामा आम्हा नाणी शिकणाऱ्यांना चहा आणायला आत पाठवायचे आणि तेवढ्यात ताटातलं एक नाणं बदलून ठेवायचे. काय बदललं ते ओळखल्याशिवाय चहाबरोबर पाव मिळायचा नाही. बाकीचे डोकं खाजवत बसायचे आणि माझा पाव खाऊनही व्हायचा. किंमत विचारणाऱ्याला ते हाकलत, नाणं चिंचेने घासणाऱ्याला तर अंगणातही उभं करत नसत. इतका जपणारा माणूस, आणि त्याच्याच हातच्या वस्तूने माझी पोर अशी पडून आहे. मला फार भीती वाटते हो मामी.

त्या हत्तीच्या जोडीचं नाणं मामांच्या कपाटात असेल तर पाठवा. डॉक्टरांना जाडी आणि कड दाखवता येईल. तुमची माया नेहमीच असते, आज ती जरा जास्त लागेल.

तुमची
ऋतिका


गिरीज
मंगळवार, दुपार

चि. सौ. ऋतिका हिला सुभद्रामामीचे अनेक आशीर्वाद.

इझाबेल अंगणात उभी आहे, पाणीसुद्धा नको म्हणते. तुझं पत्र दोनदा वाचलं. मग कपाट उघडलं. पोरी, आधी सोबतची पुडी सोड. हे जोडीचं नाणं नव्हे. हा तुझाच हत्ती आहे.

नेत्राच्या बारशाला बायका सगळ्या पाळण्याभोवती होत्या आणि तुझे मामा तुझ्या कपाटापाशी. रिक्षात बसल्यावर त्यांनी खिशातून हत्ती काढून मला दाखवला. म्हणाले, पोर उद्या रांगायला लागेल, हाताला येईल ते तोंडात घालेल, घरात शिसं नको. डबीत त्यांनी तांब्याची जुनी पै ठेवली होती. मी रागावले, की सांगून घ्यायचं होतं. तर म्हणाले, सांगायचं नाही, तिची नजर मला ठाऊक आहे, आठ दिवसांत भांडायला येईल. मी शब्द दिला तो पाळला. ते गेल्यावरही वाटायचं, आज ना उद्या तूच ओळखशील.

आणि तू लिहितेस, वाटोळं दिसलं. तुझा हत्ती वाटोळा होता का ग? त्याची एक कड उंदराने कुरतडल्यासारखी, त्यावर तू तासन्‌तास बोट फिरवायचीस. घाबरल्यावर माणसाला समोरचं दिसत नाही. तरी मी काही डॉक्टर नव्हे. हत्ती त्यांच्यापुढे ठेव आणि ते सांगतील तसं कर. घाईत लिहिलं आहे, अक्षर लावून घे. निरोप येईपर्यंत घास उतरायचा नाही.

तुझी
मामी


एव्हरशाईन सिटी
रविवार, २६ जानेवारी

ती. मामीस,
सा. नमस्कार.

त्या संध्याकाळचा निरोप इझाबेलने पोचवला असेलच. डॉक्टरांनी हत्ती एक्स-रेवर धरून फिरवून फिरवून पाहिला. कड कुठेच जुळेना. भूल रद्द केली, पण पोट दुखलं की धावत या असं बजावून घरी सोडलं. तेव्हापासून मी तिच्या पोटावर हात ठेवून बसून होते. ती नुसती खोकली तरी माझा जीव वर यायचा. मामांनी नंतर पुन्हा काही अदलाबदल केली असेल तर, अशा नाही नाही त्या शंका येत.

खाडीत टाक म्हणणाऱ्या सासूबाईच रोज काडी घेऊन नेत्राची पॉटी तपासत होत्या, बरं का. काल त्यांनीच पै धुऊन माझ्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, ही कुठल्या राजाची. आता जेवा.

पण मामी, एक भीती गेली आणि दुसरी येऊन बसली. चार वर्षं ती डबी माझ्या कपाटात होती. मंगळवारीसुद्धा मी ती न उघडताच फोटोपुढे ठेवली. मामा आठ दिवस म्हणाले होते ना? मग पुढे काय म्हणायचे? विचारायचा धीर होत नाही, तरी विचारते. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
ऋतिका


गिरीज
सोमवार, २७ जानेवारी

चि. सौ. ऋतिका हिला आशीर्वाद.

काल पोटभर जेवले.

तू खरं विचारलंस म्हणून सांगते. बारशानंतर आठ दिवस ते रोज संध्याकाळी बेकरीतून पाव आणत. नंतर आणेनासे झाले. मी एकदा म्हटलं, तिला आता नोकरी आहे, तान्हं मूल आहे, तिला कुठली सवड. ते हो म्हणाले. तुझ्यावर रागावले नाहीत कधी. पण ओटीवर कुणाचं पाऊल वाजलं की मान वर करायचे, ते मात्र शेवटपर्यंत.

येत्या रविवारी नेत्राला घेऊन ये. सासूबाईंनाही आण. ताट ओटीवर मांडून ठेवते. तू चहा करायला आत जा, तेवढ्यात मी एक नाणं बदलते. मला त्यातलं काही कळत नाही, पण बदलता येतं. पाव आणवून ठेवते.

वाट बघणारी,
मामी