पीटीचं अर्धं क्रेडिट

७ फेब्रुवारी २०१६, रविवार

घोळ झाला! आमची शिवांगी यंदा अकरावीतच शाळा संपवणार, बारावीचं वर्ष वाचणार, ऑगस्टला टोरांटोला कॉलेजात — सगळं ठरलेलं. कॉलेजचे चार कोर्स तिने आधीच केलेत. ते शाळेतही धरतात, कॉलेजातही. एका दगडात दोन पक्षी! कल्पना माझी, म्हणून ऑफिसात मिरवूनही झालं होतं.

आज रविवार, म्हणजे इथे आखातात कामाचा दिवस; शाळेच्या काउन्सेलर फरिदा मॅडमनी बोलावलं. शाळा संपल्याच्या डिप्लोमाला चोवीस क्रेडिट लागतात. होणार साडेतेवीस. पीटीचं अर्धं नाही.

पीटी! म्हटलं, मॅडम, कॉलेजच्या गणितातलं अर्धं इकडे वळवा ना. हसल्या. "सर, कॅल्क्युलस से पीटी नहीं होता."

८ फेब्रुवारी

चूक कुणाची? माझी. नववीत डॉक्टरचं पत्र नेऊन दिलं ते मीच — मुलीला दमा आहे. पोरगी जन्मात दोनदा शिंकली असेल! पण पीटीच्या तासाला कॉलेजचं गणित बसत होतं, आणि उड्या मारून कुणाचं भलं झालंय?

आता उपाय एकच. मे संपायच्या आत साठ तास चालायचं. नाहीतर डिप्लोमा नाही, टोरांटो नाही, गुपचूप बारावी. आणि दमा आहे ना, म्हणून सोबत पालक हवाच, असा नियम! करावं तसं भरावं. शीला पोट धरधरून हसली. "लेकीच्या निमित्ताने नवराही हलेल."

तासांची नोंद शिवांगी ठेवणार. मी फक्त सही करायची.

९ फेब्रुवारी

पहाटे साडेपाच, कुरुमचा किनारा. एक तास. दमा मलाच आहे असं दिसतंय.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

शुक्रवारची सुट्टी असूनही उठवलं. चालून झालं की सिराजच्या दुकानासमोर गाडी लावायची, तो करक, म्हणजे इथला दाट दुधाचा कडक चहा आणून देतो. आज म्हणाला, "साब, बेटी पतली हो गई, आप वैसे के वैसे!" शिवांगीने त्याला टाळी दिली. फितूर!

१८ मार्च

तिला मासे ओळखता येतात. कोळ्यांच्या होड्या आल्या की थांबून नावं सांगते. कुठे शिकली, विचारलं. "बाबा, मी तुला सांगितला होता. तू फोनवर होतास."

असेन.

१ एप्रिल

आज चालता चालता म्हणाली, "बाबा, मला भीती वाटतो थोडा. तिकडे कुणी ओळखत नाही." एरवी मी मराठी सुधारली असती. आज नाही सुधारली.

वर्ष वाचवलं, वर्ष वाचवलं म्हणून नाचत होतो. ते वर्ष आमच्या घरातलं होतं. मला ते आता हवंय, आणि हे तिला सांगायची सोय नाही. सगळा आटापिटा माझाच!

२२ एप्रिल

उकाडा! साडेपाचलाच शर्ट भिजतो. म्हटलं, आज खाडा करू. "नाही बाबा, अजून बारा तास आहेत." मागल्या आठवड्यातही बाराच होते बहुतेक. कॉलेजचं गणित झालेली मुलगी, तिच्या बेरजेवर मी काय बोलणार? कागद पुढे करते, मी न बघता सही ठोकतो.

५ मे, गुरुवार

शाळेची मेल आली. चोवीस पूर्ण, अभिनंदन. पीटीचं अर्धं १० एप्रिललाच जमा झालंय.

दहा एप्रिल! दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

एवढ्यात ती दारात आली. "बाबा, उद्या साडेपाच हां. सहा तास राहिलेत."

म्हटलं, नीट मोज गं. दहा तरी असतील.